शाया, शाळा आणि युक्रेन

२०२२च्या फेब्रुवारीचे शेवटचे दिवस. देवळ्याच्या स्टँडबाहेरच्या टपरीवर चार जण एकाच मोबाइलवर बातम्या बघत होते. कीव्हवर क्षेपणास्त्रं पडत होती. त्यातला एक पोरगा म्हणाला, "ह्या रशियावाला नि युक्रेनवाला एकच ना? भाषाबी सारखीच शे म्हंतस." बाकड्यावर टेकलेल्या बाबांनी विडी बाजूला धरून विचारलं, "मंग आपली नि पुनानी एकच शे का?"

सगळे हसले आणि चहाचे पैसे कोण देणार यावर विषय गेला. मी मात्र गेली काही वर्षं त्या सवालाभोवती फिरतो आहे. दोन बोलण्यांत किती अंतर पडलं म्हणजे त्यांना दोन भाषा म्हणायचं, हे ठरवतं कोण? व्याकरण, सरकार, नकाशा, की बोलणारा? युक्रेनने याची फार मोठी किंमत मोजली आहे. आमच्याकडे रक्त सांडलेलं नाही, कुणी बंदीही घातलेली नाही. तरी तोच प्रश्न देवळ्यात आहे आणि त्याचं नाव अहिराणी आहे.

देवळ्याची जागा आधी सांगतो, कारण निम्मा घोळ तिथेच आहे. नाशिक जिल्हा १८६९ साली झाला, तेव्हा मालेगाव, नांदगाव आणि बागलाण हे भाग खानदेशातून काढून त्याला जोडले गेले. कळवण त्या बागलाणातच होतं. म्हणजे बोली खानदेशची आणि कचेरी नाशिकची. पुढे १९०६ साली खानदेशचेही पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे झाले. ते आजचे जळगाव आणि धुळे-नंदुरबार. देवळा तालुका वेगळा झाला १९९९ साली. कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा यांची पहिली अक्षरं घेऊन लोकांनी स्वतःच 'कसमादे' हे नाव पाडून घेतलं. जिल्ह्याच्या दृष्टीने आम्ही नाशिककर. नाशिक शहरात मात्र तोंड उघडलं की पहिला प्रश्न येतो, "खानदेशचे का?" आणि जळगावात गेलं तर, "तुम्ही नाशिकचे ना?"

भावडबारी चढून चांदवडच्या बाजूला उतरलं की कानाला फरक जाणवतो. 'शे' पातळ होत जातं, 'आहे' दाट होत जातं. उलट दिशेने, लोहोणेरचा गिरणेवरचा पूल ओलांडून सटाण्याकडे गेलं की 'शे' पुन्हा घट्ट.

या 'शे'बद्दल थोडं थांबून सांगायला हवं. मराठीत 'तो आहे', अहिराणीत 'तो शे', अनेकवचनी 'त्या शेतस'. गुजरातीतल्या 'छे'चं हे जवळचं नातलग. 'माझा, माझी, माझं' इथे 'मना, मनी, मनं' होतं. 'चा-ची-चे'ची जागा 'ना-नी-नं' घेतं. 'मला' म्हणजे 'माले', 'कशाला' म्हणजे 'कसाले'. 'तो करतो'ला 'तो करस', 'काय करतो आहेस'ला 'काय करी ऱ्हायना'. मुलगा आंडोर, मुलगी आंडेर, सगळं म्हणजे बठ्ठं. शब्द उसने घेता येतात, म्हणून शब्दांच्या यादीवरून फारसं सिद्ध होत नाही. पण विभक्तीचे प्रत्यय आणि 'असणे'चं क्रियापद सहसा कुणी उसनं घेत नाही. तो घराचा पाया असतो आणि अहिराणीचा पाया मराठीच्या पायावर तंतोतंत बसत नाही.

आणि 'ळ' नाही. डोळा डोया होतो, काळा काया, शाळा शाया. पहिलीत मी "शायामा जास" म्हटलं तेव्हा मास्तरांनी फळ्यावर 'ळ' काढून अख्ख्या वर्गाकडून तो तीसेक वेळा म्हणवून घेतला. जीभ मागे वळवून टाळूला लावायची, अशी कवायतच झाली. मास्तर वाईट नव्हते. घरी तेही 'डोया'च म्हणत असणार. पण त्या दिवशी एक गोष्ट डोक्यात पक्की बसली, की घरात जे बोलतात ते चुकीचं मराठी आहे. पुढे पस्तिशी गाठेपर्यंत मला कळलं नाही, की ते मराठी चुकत नव्हतं, ती अहिराणी बरोबर होती.

हे कागदावर पहिल्यांदा नीट मांडलं ते जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाने. त्यात मराठीचा खंड सातवा, १९०५चा. अहिराणीला सर्वेक्षणात 'खानदेशी' म्हटलं आहे; ती मात्र या खंडात नाही. ती नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात, १९०७ साली, भिल्ली बोलींच्या सोबत छापली आहे. म्हणजे गुजराती-राजस्थानीच्या ओळीत. त्याआधी तिला मराठीची बोली धरायचा रिवाज होता. ग्रिअर्सन यांचं वर्गीकरण सगळ्यांना पटलेलं नाही. अहिराणीवर मराठीचा हात इतक्या शतकांचा आहे, की तिला सरळ गुजरातीच्या पदराला बांधणंही ओढूनताणूनच होतं. माझं मत विचाराल तर ती दोन ओसऱ्यांच्या मधलं अंगण आहे. दोन्हीकडच्यांना ते आपलं वाटतं, यात अंगणाचा दोष नाही.

आता गंमत बघा. महाराष्ट्रात कुणालाही विचारा, अहिराणी ही मराठीची बोली. भारत सरकारची जनगणना मात्र 'खानदेशी' ही मराठीबाहेरची स्वतंत्र भाषा म्हणून मोजते आणि अहिराणी तिच्या पोटात घालते. १९९१ साली खानदेशी बोलणारे पावणेदहा लाखांच्या आत होते. २००१ साली ते पावणेएकवीस लाख झाले. २०११ साली पुन्हा घसरून साडेअठरा लाखांच्या थोडे वर. त्यात नुसती 'अहिराणी' सांगणारे सोळा लाखांवर. दहा वर्षांत माणसं दुप्पट होत नाहीत आणि पुढच्या दहा वर्षांत दहा टक्के नाहीशीही होत नाहीत. बदललं ते दारात उभ्या गणकाला दिलेलं उत्तर, किंवा त्याने कागदावर लिहिलेलं उत्तर. "मातृभाषा?" "मराठी लिहा साहेब." हे वाक्य अहिराणीतच बोललं जातं: "मराठी लिखा सायेब."

इथे युक्रेनकडे वळतो, कारण उत्तर देण्याची ही मोकळीक तिकडे नव्हती.

इव्हान कोत्ल्यारेव्स्की यांची 'एनेइदा' १७९८ साली छापली गेली, ती लोक बोलतात त्या युक्रेनी भाषेत. रोमन महाकाव्यातल्या वीरांना कोसॅकांचे कपडे चढवलेलं विनोदी काव्य. नव्या युक्रेनी साहित्याची सुरुवात तिथून मोजतात. मला ही सुरुवात फार ओळखीची वाटते. गावच्या भाषेला लिखाणात पहिला प्रवेश बहुधा थट्टेच्या दारानेच मिळतो. थट्टेच्या पलीकडे तिला नेलं तारास शेव्हचेन्को यांनी. १८१४ सालचा जन्म, तोही जमीनदाराच्या मालकीच्या भूदासाच्या घरात. चित्रकला चांगली म्हणून १८३८ साली पैसे भरून त्यांची सुटका झाली आणि दोनच वर्षांत 'कोब्झार' हा कवितासंग्रह आला. ज्या भाषेत तोवर हसवायचं, तिच्यात आता रडता येतं, शाप देता येतो, हे त्या पुस्तकाने दाखवलं.

रशियन साम्राज्याला धास्ती वाटली ती याची. १८६३ साली झारचे गृहमंत्री वालुयेव्ह यांनी गुप्त परिपत्रक काढलं. त्यात म्हटलं होतं, की 'छोट्या रशिया'ची, म्हणजे युक्रेनची, म्हणून वेगळी भाषा कधी नव्हती, आज नाही आणि असूही शकत नाही. धार्मिक आणि शिकवण्याची पुस्तकं त्या भाषेत छापायला मनाई झाली. १८७६ साली दुसरा अलेक्झांडर जर्मनीतल्या एम्स या स्नानाच्या गावी असताना त्याने सही केलेला हुकूम आणखी पुढे गेला: बाहेरून पुस्तकं आणायची नाहीत, नाटकं करायची नाहीत, गाण्याच्या स्वरलिपीखाली त्या भाषेतले शब्दही छापायचे नाहीत. नसलेल्या भाषेवर इतक्या बारकाईने बंदी घालावी लागली, यातच सगळं आलं. लिहिणाऱ्यांनी वाट काढली. सरहद्दीपलीकडे ऑस्ट्रियाच्या ताब्यातल्या ल्विव्हमध्ये पुस्तकं छापली जात राहिली. शेवटी १९०५ साली रशियाच्याच विज्ञान अकादमीने ही स्वतंत्र भाषा असल्याचा निर्वाळा दिला.

सोव्हिएत काळात आधी थोडा उजेड पडला आणि मग काळोख झाला. १९२० च्या दशकात युक्रेनी शाळा, वर्तमानपत्रं, प्रमाण लेखन, सगळं बहरलं. १९३२-३३च्या मानवनिर्मित दुष्काळात लाखो शेतकरी गेले. १९३३ साली, लेखननियमांमागे उभे राहिलेले मंत्री मिकोला स्क्रिप्निक यांनी स्वतःवर गोळी झाडून घेतली. त्याच वर्षी वर्णमालेतून एक अक्षरही काढून टाकण्यात आलं. 'ग'चा उच्चार दाखवणारं ते अक्षर १९९० साली परत आलं. सत्तावन्न वर्षं एक अक्षर हद्दपार! आमच्या मास्तरांनी 'ळ' आत आणला, त्यांच्या राज्यकर्त्यांनी 'ग' बाहेर काढला. दोन्ही वेळा निशाणा पोरांच्या जिभेवर होता.

तुलना इथवर चालते. पुढे ती ताणली तर तुटते आणि ती तोडलेलीच बरी. मराठी ही आमच्यावर लादलेली परकी भाषा नाही. आमची कीर्तनं मराठीत, हरिपाठ मराठीत, लग्नपत्रिका मराठीत, रागावून लिहिलेली पत्रंसुद्धा मराठीत. देवळ्यातला माणूस स्वतःला मराठीच म्हणवतो आणि त्यात त्याला काही खोटं वाटत नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा इथेही पेढे वाटले गेले.

जवळची तुलना खरं तर कोकणीची. तिलाही मराठीची बोली म्हणणारे पुष्कळ होते आणि ते सगळे दुष्ट होते असंही नाही. सु. मं. कत्रे यांनी १९४२ साली तिच्या घडणीचा शास्त्रीय अभ्यास छापला. १६ जानेवारी १९६७च्या जनमत कौलात गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हायला नकार दिला. १९७५ साली साहित्य अकादमीची मान्यता, १९८७ साली राजभाषा, १९९२ साली आठवी अनुसूची. कोकणीचं व्याकरण १९६६ साली जे होतं तेच १९९२ सालीही होतं. मधल्या काळात तिच्या पाठीशी एक राज्य उभं राहिलं. अहिराणीच्या पाठीशी उभं राहील असं राज्य नाही आणि तसं मागणाराही मला कुणी गंभीरपणे भेटलेला नाही.

नकाशासाठी बोलीची ओढाताण मात्र आमच्या शेजारी झाली. बागलाणाला लागून असलेल्या डांगची भाषा गुजराती की मराठी, यावर १९५० च्या दशकात दोन्ही बाजूंनी भांडण झालं आणि १९६० साली डांग गुजरातेत गेलं. जनगणनेच्या तक्त्यात डांगी आजही खानदेशीच्या पोटातच आहे. म्हणजे जे बोलणं सरकारच्याच हिशेबात एका कुळातलं, त्याच्या मधून राज्याची सीमा जाते.

भाषेचं नाव आणि माणसांची ओळख यांचा मेळ घालायला गेलं की आणखी गुंता. अहिराणी म्हणजे अहिरांची, आभीरांची. नाशिकच्या पांडवलेण्यांत आभीर राजा ईश्वरसेनाचा तिसऱ्या शतकातला शिलालेख आहे. शिवाय देवळ्यात आहेर आडनावाचे इतके लोक, की ग्रामदेवतेच्या यात्रेत "ओ आहेर" अशी हाक मारली तर निम्मी गर्दी वळून बघेल. आभीर, अहिर, आहेर अशी सोन्याची साखळी करायचा मोह कुणालाही होतो. मी तो आवरतो. आडनावाच्या सारखेपणावर सतराशे वर्षांचा पूल बांधता येत नाही. बागलाणावर मुल्हेरच्या बागुल राजांनी राज्य केलं. त्यांच्या दरबारी रुद्रकवीने १५९६ साली 'राष्ट्रौढवंश महाकाव्य' लिहिलं, पण ते संस्कृतात. राजाची स्तुती संस्कृतात झाली, मोगलांचा कारभार फारसीत, पुढे मराठीत. या मुलखाची बोली दरबारात कधी गेलीच नाही. ती बोलली मराठा, माळी, भिल्ल, कोकणा, धनगर, तेली सगळ्यांनी, आपापल्या वळणाने. बागलाणी निराळी, नंदुरबारी निराळी, तापीकाठची तप्तांगी निराळी. 'शुद्ध अहिराणी' कोणती, यावर संमेलनांत वाद होतात तेव्हा मला मास्तरांचा 'ळ' आठवतो.

ओळख पुस्तकात शोधण्यापेक्षा श्रावणात इकडे यावं. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. नारळाची देवी, नथ-डोरल्यांनी सजवलेली, पाटावर मांडलेली. मुंबई-सुरतेत कामाला गेलेले भाऊबंद त्या दिवशी मूळ घरी येतात. रोटाचे गहू सगळ्यांचे एकत्र दळले जातात. रात्रभर बायकांची गाणी, सोमवारी नदीवर विसर्जन. तो रोट पुष्कळ घरांत भाऊबंदकीबाहेर देत नाहीत. जावई कितीही लाडका असला तरी त्याला वेगळं जेवण. आपलं कोण, परकं कोण, याचा हिशेब त्या दिवशी कणकेच्या गोळ्यावर होतो. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, उलट, लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. सालदाराचं वर्षही आखाजीलाच बदलायचं. ही सगळी गाणी अहिराणीत. देवीसमोर कुणी 'आहे' म्हणत नाही. भिल्ल-कोकणा पाड्यांवरचा डोंगऱ्या देव, लाकडी मुखवटे लावून नाचायचा भोवाडा, थाळीवरच्या कथा, यांचीही तीच गत. म्हणून मला वाटतं, अहिराणी टिकली ती बायकांच्या कंठात आणि देवाच्या अंगणात. कचेरीची तिला सावलीसुद्धा लाभली नाही.

लिखित अहिराणीचा हिशेब त्यामानाने आटोपशीर आहे. बहिणाबाई चौधरींची गाणी १९५२ साली छापून आली आणि मराठीला खानदेशची चव कळली. ती भाषा लेवा गणबोली. अहिराणीवाले तिला आपली म्हणतात, लेवा गणबोलीवाले रागावतात, आणि जळगावच्या विद्यापीठाला २०१८ पासून बहिणाबाईंचंच नाव आहे. रमेश सूर्यवंशी यांनी १९९७ साली अहिराणीचा शब्दकोश काढला. आयुष्य घालून केलेलं काम. सटाण्याच्या सुधीर देवरे यांनी 'ढोल' हे अहिराणी नियतकालिक चालवलं आणि बागलाणातली लोकपरंपरा गावोगाव फिरून नोंदवली. गणेश देवींच्या लोकभाषा सर्वेक्षणाचा अरुण जाखडे यांनी संपादित केलेला महाराष्ट्र खंड २०१३ साली आला, त्यात अहिराणी इतर बोलींच्या पंगतीला बसली. साहित्य संमेलनंही भरतात, मात्र तिथली निम्मी भाषणं अहिराणीबद्दल मराठीत होतात.

खरी उसळी आली ती मोबाइलवर. 'हाई झुमका वाली पोर' या गाण्यावर महाराष्ट्रभरची पोरं नाचली, ज्यांना 'हाई' म्हणजे काय तेही माहीत नव्हतं. जाणकार नाकं मुरडतात: डीजे, नाच, स्वस्त विनोद. मुरडोत. कोत्ल्यारेव्स्कींचं दारही थट्टेचंच होतं. माझी शंका निराळी आहे. गाण्यात चालणारी भाषा घरात चालते का?

उमराण्याच्या बाजार समितीत कांद्याच्या लिलावाला उभं राहा. ट्रॅक्टरची रांग, व्यापाऱ्यांचा घोळका एकेका ट्रॉलीजवळ थांबतो, मूठभर कांदा हातात फिरवतो, आकडा फुटतो. आकडा हिंदी-मराठीत. भाव पडला की ट्रॉलीवर उभा शेतकरी बोलतो ते अहिराणीत आणि त्यातलं बरंचसं छापण्यासारखं नसतं. तोच शेतकरी खिशातून फोन काढतो. मुलाचा आहे. आवाज एकदम मऊ होतो: "हं, बोल बेटा. शाळेतून आलास का? जेवण केलंस का?" राग अहिराणीत, माया प्रमाण मराठीत! पूर्वी हे उलटं असायचं. घरी सुनेला सांगून ठेवलेलं असतं, पोरासमोर नीट बोलायचं. 'नीट' म्हणजे काय, हे कुणाला समजावावं लागत नाही. त्या पोराची शाळा इंग्रजी माध्यमाची. म्हणजे ज्या मराठीसाठी अहिराणी सोडली, तीही त्याच्या दप्तरात धड नाही.

युक्रेनमध्येही सगळं सरळ नाही. २००१च्या तिथल्या जनगणनेत स्वतःला युक्रेनी म्हणवणारे ७७.८ टक्के होते, पण युक्रेनी ही मातृभाषा सांगणारे ६७.५ टक्के. राष्ट्राध्यक्ष झेलेन्स्की स्वतः रशियन बोलणाऱ्या घरात वाढले. दोन्ही भाषांची खिचडी असलेल्या बोलण्याला तिकडे 'सुर्झिक' म्हणतात. मूळ अर्थ मिसळलेलं धान्य किंवा त्याचं पीठ. देवळ्याच्या बाजारात रोज ऐकू येतं ते हेच मिसळीचं पीठ. जुलै २०२१ मध्ये पुतिन यांनी रशियन आणि युक्रेनी एकच लोक असल्याचा लांबलचक लेख लिहिला आणि सातच महिन्यांत रणगाडे निघाले. त्या रणगाड्यांसमोर रशियन मातृभाषेचे लाखो युक्रेनीही उभे राहिले. संशयित माणूस सापडला की त्याला 'पाल्यानित्स्या' म्हणायला लावत. गव्हाच्या गोल पावाचं हे नाव. रशियन जिभेला ते साधत नाही. आणि कितीतरी लोकांनी, चाळिशी-पन्नाशीत, घरातली भाषा ठरवून बदलली. टपरीवरच्या पोराला द्यायचं उत्तर मला इथे सापडतं. सारखी शे, खरं शे. पण एक होणं वेगळं, आणि ते दुसऱ्याने ठरवणं वेगळं.

आमच्यावर असा घाला नाही, म्हणून असा निश्चयही नाही. अहिराणीला कुणी मारत नाही. ती रोज संध्याकाळी, मुलं शाळेतून घरी आली की, प्रेमापोटी थोडी थोडी बाजूला ठेवली जाते.

चैत्रात सप्तशृंगगडाकडे पायी निघालेले खानदेशचे यात्रेकरू देवळ्यावरून जातात. गेल्या चैत्रात रस्त्याकडेला पाणपोईवर आमच्या गल्लीतला एक नववीतला पोरगा पाणी देत होता. शर्टावर शाळेचं इंग्रजी नाव. धुळ्याकडच्या एक म्हाताऱ्या बाई, पायाला चिंध्या बांधलेल्या, टेकल्या आणि म्हणाल्या, "गड आखो कितला दूर शे रे भाऊ?"

"आजी, अजून बरंच अंतर आहे," तो म्हणाला.

त्यांनी कानामागे हात नेला. "काय म्हंतस?"

पोराने इकडेतिकडे बघितलं. मी पाठमोरा होतो, त्याला दिसत नव्हतो.

"भलता दूर शे, माय," तो म्हणाला. "बस आठे. पानी पे."